मोडनिंबमार्गे मिलान

युरोप बघून आलेली माणसं आता सोलापुरात गल्लोगल्ली सापडतील. पण घरच्या झोपाळ्यावर बसून अख्खा युरोप वेळेवर सोडणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नाही. लग्नात मुहूर्त दोन मिनिटं पुढं सरकला की यांचा जीव खालीवर होतो. घरी भूक लागली तरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून विचारतात, "भाकरी किती वाजता लागणार?" आतून अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तितक्याच शांतपणे सांगते, "पीठ अजून डेपोतच आहे."

युरोपचं खूळ अक्कामुळंच निघालं. नोकरीभर साडूंनी तिला शेकडो वेळा गाडीत बसवून दिलं, पण तिच्या शेजारी बसून ते कधी कुठं गेले नाहीत. माहेरचं लग्न असो, बारसं असो, खिडकीतून पिशवी आत द्यायची, म्हणायचं, "तुमी व्हा म्होरं, मी मागच्या गाडीनं येतो." आणि ती मागची गाडी बहुतेक वेळा यायचीच नाही. निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार काढायच्या आधी त्यांनी अक्काला विचारलं, "बोल, काय पायजे?" ती म्हणाली, "तुमच्या शेजारी बसून एकदा लांब जायचंय." यांनी विचारलं, "कुटवर?" ती म्हणाली, "लई लांब." दुसऱ्या दिवशी सकाळी साडू माझ्याकडं जगाचा नकाशा मागायला हजर!

मग काय विचारता! आम्ही नात्यातली माणसं नऊ, दिवस अठ्ठावीस, देश सात, आणि पर्यटन कंपनी-बिंपनी काही नाही. "कुणाच्या झेंड्यामागं मेंढरागत चालायला मी काय नवखा हाय व्हय?" एक जाडजूड रजिस्टर आलं, त्यात तांबड्या शाईनं 'पॅरिस ते मिलान, मार्गे लिऑन' अशा ओळी पडू लागल्या. प्रत्येक फेरीला चहापाण्याचा थांबा, प्रत्येक गावाला स्टँडपासूनचं अंतर. व्हेनिसपाशी येऊन मात्र त्यांची लेखणी अडली. "गुरुजी, हितं स्टँडाच्या दारातच पाणी हाय म्हणं. पावसाळ्यात काय करतेत ओ ही लोकं?" मी भूगोलाचा मास्तर खरा, पण व्हेनिसच्या पावसाळ्याचं मला तरी काय ठाऊक! खानपान विभागही त्यांनी स्वतःकडंच ठेवला होता. माणशी चाळीस कडक भाकरी आणि शेंगाचटणीची बरणी. "स्वित्झर्लंडात भूक लागली तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" मी वरवर हसायचो, पण खरं सांगतो, आतून पार हरखलो होतो. जन्मभर पोरांना नकाशावर छडी ठेवून आल्प्स दाखवला, आता तिथं आपला पाय पडणार! बायकोनं तर बूट आणून घरात घालून फिरायलाही सुरुवात केली होती.

व्हिसा हातात आले आणि साडूंनी फर्मान काढलं: रंगीत तालीम. मिलानला गाडी बदलायला फक्त सात मिनिटं होती, ती आम्हाला जमणार नाहीत अशी त्यांची खात्री. म्हणून सोलापूर म्हणजे पॅरिस आणि मोडनिंब म्हणजे मिलान. सामानासकट एसटीनं मोडनिंबला उतरायचं आणि सात मिनिटांत सोलापूरची परतीची गाडी धरायची. रविवारी सकाळी चाकांच्या बॅगा खडखडवत नऊ माणसं मोडनिंबला उतरली तेव्हा रसवंतीवाला चरक थांबवून बघत राहिला. परतीची गाडी आली. साडूंच्या अंगात वारं शिरलं. "बॅगा आधी! गुडघेवाले म्होरं! गुरुजी, बघत काय बसलाय, चढा की!" आम्ही आठ जण साडेचार मिनिटांत आत. साडूंनी घड्याळ बघितलं, कंडक्टरकडं बघून शिट्टी फुंकली, गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ओरडले, "जाऊ द्या!"

गाडी सुटली. साडू खालीच.

क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग अक्का उठली. तिचा चेहरा असा उतरला होता की मला हसूच फुटेना. युरोपातही हे असंच होणार, हे तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. तिनं स्वतः दोरी ओढून घंटी दिली, गाडी थांबवली, उतरली आणि मागं चालत गेली. मागच्या काचेतून आम्ही पाहत होतो. साडू रजिस्टरमध्ये सुटल्याची वेळ लिहीत उभे. अक्का समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग आमच्या गाडीकडं. मग त्यांचे खांदेच पडले.

अक्कानं त्यांना हाताला धरून आणलं आणि खिडकीशी बसवलं. "सवय गं," ते एवढंच पुटपुटले. "चढायचं असतंय हे ध्यानातच आलं न्हाय." कंडक्टरनं डबल घंटी दिली आणि साडूंचा हात आपसूक खिडकीबाहेर गेला, पत्र्यावर थाप मारायला. अक्कानं तो अलगद आत घेतला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला.

बराच वेळ ते बाहेर बघत बसले. शेतं मागं पळत होती. मग लहान पोरासारखे म्हणाले, "गाडी आतनं लई येगळी वाटती की गं."

"तेच तर सांगत होते इतकी वर्षं," अक्का म्हणाली.

पुढच्या बुधवारी निघायचंय. रजिस्टरच्या पहिल्या पानावर आता अक्काच्या अक्षरात एकच सूचना आहे: आधी ह्यांना चढवणे.