यामनाचं बियाणं

मोरोक्कोतल्या रीफच्या डोंगरात गांजा सगळेच लावतात, पण बियाण्यासाठी झाड निवडून ठेवावं ते आमच्या शेजारच्या यामनानेच. एकोणीस वर्षं ती दर उन्हाळ्यात वाफ्यांतून फिरे. बुटकी, लवकर पिकणारी, कमी पाण्यावर तगलेली झाडं हेरून त्यांना लाल लोकर बांधे. नर झाडांपैकी मनासारखी दोनच ठेवी, बाकीची उपटून टाकी. हळूहळू तिचं शेत एकसारखं झालं. सगळी झाडं कमरेइतकी, कापणी एकाच आठवड्यात.

"झाडांना नवरे बघतेस होय गं?" बायका चिडवत.

"तुम्हाला मिळाले त्यापेक्षा बरे बघते," ती म्हणे.

एकदा माझी आई तिच्याकडे मूठभर बी मागायला गेली. यामनाने बिसारा, वाळल्या बाकल्याचं गरम कढण, पुढे केलं, वर तेलाची धार सोडली, पण बी दिलं नाही. "रहमा, तुम्ही ते कुठल्याही बियात कालवून टाकाल. खा तू, निवतंय." मग पुन्हा कुणी मागितलं नाही.

पुढे तिचा भाऊ हद्दू शहरातून संकरित बी घेऊन आला. "वीसच रोपं लाव. नाही आवडली तर उपट."

ती आठ दिवस नको म्हणाली आणि मग तिने ती झऱ्याकाठी लावली. रोपं बघता बघता पुरुषभर झाली. त्याच उन्हाळ्यात ती लेकीच्या बाळंतपणाला सहा दिवस गेली. परतली तेव्हा त्यांतले चार नर फुलून पराग वाऱ्यावर शेतभर गेला होता. तिने ते तिथल्या तिथे उपटले.

पुढच्या वर्षी शेतात काही झाडं गुडघ्याइतकी, काही डोक्यावर. ऑगस्ट सरला तरी अर्धी हिरवीच. जुनं बी उरलं नव्हतं. पेरून राहिलेलं ती कोंबड्यांना घालत असे.

एका सकाळी ती आमच्या दारात आली. "रहमा, कुठून तरी माझं बी आलंय का गं तुझ्याकडे?"

"तू दिलंस कुठं?" आई म्हणाली. टोमणा नव्हता तो.

यामना उंबऱ्यावर बसली. "दिलं असतं तर आज मागायला तोंड असतं."

एकसष्टाव्या वर्षी तिने पुन्हा निवड सुरू केली. सात वर्षं झाली, पण शेत अजून पहिल्यासारखं नाही. हद्दूला ती दोष देत नाही. मागेल त्याला ओंजळभर बी देते. पण मागायला आता कुणी येत नाही; गावभर हद्दूचंच बी झालंय.