टीव्हीची अक्षत

आमच्या आतोबांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू नुसती विकत घेतली नाही. विकत घेणं हा त्यांच्या दृष्टीने गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला रुक्ष मामला होता. ते वस्तू घरात आणत, आणि तीही नव्या सुनेला आणावी तशी, माप ओलांडायला लावून. देवासला त्यांच्याकडे पहिला फ्रिज आला तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला थंड पाणी प्यायला बोलावलं, आणि प्रत्येकाने घोट घेतल्यावर काहीतरी अभिप्राय द्यावा म्हणून समोर उभे राहिले. "थंड आहे" एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. स्कूटर घेतली तेव्हा ती माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी नेली, तिचं तोंड देवळाकडे केलं, तिचं दर्शन पुरतं होईपर्यंत हात जोडून शेजारी थांबले आणि मगच तिच्यावर बसले. आत्या म्हणायची, "ह्यांना बाजारात पाठवायची सोय नाही. साधी चहाची गाळणी आणली तरी दारात थांबून हाक मारतात, भाकरतुकडा ओवाळून टाक म्हणून!"

आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. आम्ही मूळचे धारचे. आमचे पूर्वज कधीकाळी दरबाराच्या मागोमाग महाराष्ट्रातून माळव्यात आले आणि येताना आणलेली मराठी त्यांनी लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवली. आतोबा मात्र नंतरचे, साताऱ्याकडचे. देवासला कारखाने उभे राहिले तेव्हा नोकरीसाठी आले आणि तपासणी खात्यात लागले. तिथून निघालेला प्रत्येक नग सरळ आहे की वाकडा हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे त्यांना सवयच लागली होती. लग्नाला गेले की ते नवरानवरीच्या आधी मांडवाचे खांब बघत, एक डोळा मिटून. पंगतीत पुरी आली की तिचा गोलपणा तपासत आणि नापास पुरी बाजूला काढत; ती खात शेवटी, पण "नापास" म्हणूनच खात. माझ्या मुंजीतल्या फोटोकडे बघून ते इतकंच म्हणाले होते, "बटू चांगला आहे, पण उजवीकडे झुकलाय."

त्यांच्या वैभवाचा काळ म्हणजे नव्वदच्या दशकाची सुरुवात. त्या गल्लीत रंगीत टीव्ही पहिल्यांदा आला तो त्यांच्याकडे. रविवारी सकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. उंच माणसं मागे, बुटकी पुढे, आणि ज्यांना टक्कल आहे त्यांनी खिडकीच्या उजेडात बसायचं नाही, असे त्यांचे नियम होते. स्वतः आतोबा कार्यक्रम कधीच बघत नसत. ते टीव्हीकडे पाठ करून उभे राहत आणि बघणाऱ्यांकडे बघत. लोक हसले की तेही हसत, यजमानाने हसावं तसे, पंगतीला जिलबी आवडल्यासारखे. चित्र हललं की गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत आणि वरून ओरडत, "आलं का?" आणि खालून सगळी खोली एका सुरात ओरडे, "आलं!" आतोबा पुढे म्हणायचे, "एवढी माणसं एकाच वेळी माझ्याशी सहमत झाली ती तेवढीच."

मग घरोघरी टीव्ही आले. केबल आली. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या दारांना आतून कड्या लागायला लागल्या. आतोबांचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि आतोबा स्वतः निवृत्त झाले. तरीही रविवारी सकाळी ते खोलीत सतरंजी घालत, दुपारपर्यंत तशीच ठेवत आणि मग घडी करून उचलत. आत्याने विचारलं तर म्हणत, "जरा ऊन दाखवतोय." त्या खोलीत ऊन येतच नव्हतं. आतोबांना पुन्हा माणसं हवी होती, बाकी काही नको होतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यावर काय करावं हे कोणालाच सुचत नव्हतं.

सुचलं ते त्यांनाच. दोन हजार आठच्या हिवाळ्यात ते इंदूरला माझ्या खोलीवर आले आणि चहासुद्धा न घेता मला एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. तिथे भिंतीवर चपटे टीव्ही ओळीने लावले होते. दुकानातला तरुण चित्र किती स्पष्ट आहे ते सांगत होता. आतोबांनी चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते टीव्हीच्या बाजूला जाऊन भिंतीला गाल टेकून उभे राहिले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अरे, एवढ्याशा फटीत सगळे मावतात!" त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी मुलाचा निकाल लागला तेव्हाही पाहिला नव्हता.

टीव्ही देवासला नेला तो माझ्या मित्राच्या जीपमधून. गल्लीला आधी कळू नये म्हणून खोक्यावर नवी कोरी गादी टाकली होती. खोकं आडवं करायचं नाही असं दुकानदाराने बजावलं होतं, म्हणून आतोबा मागे बसून दोन्ही हातांनी ते कवटाळून होते. रस्त्यात गतिरोधक दिसला की ओरडत, "सांभाळून रे, आत माणसं आहेत!" गल्लीत पोचलो तेव्हा दारादारांतून सगळ्यांनी पाहिलं: म्हातारबुवांच्या घरी नवी गादी आली. या गादीने पुढे घोटाळा केला.

कारण दुसऱ्याच दिवशी आतोबांनी आत्याला तांदळाला कुंकू लावायला सांगितलं. आमच्याकडे कार्याचं आमंत्रण तोंडी देत नाहीत. जोडीने घरोघरी जाऊन अक्षत द्यावी लागते, पहिली गणपतीला आणि मग गणगोताला. टीव्हीसाठी अक्षत द्यायची हे ऐकून आत्याने कपाळावर हात मारला. "लोक काय म्हणतील हो? ह्यांचं डोकं फिरलं म्हणतील!" पण आतोबा म्हणाले, "साधं बोलावलं तर 'येऊ येऊ' म्हणतात आणि येत नाहीत. अक्षतीला नाही म्हणता येत नाही." आत्या साडी नेसली आणि निघाली.

दारोदारी आतोबा एवढंच म्हणाले, "रविवारी संध्याकाळी सहकुटुंब यायचं. काय आहे ते आल्यावर कळेल." त्यांना मौज राखून ठेवायची होती. आणि आत्या शेजारी लाजेने मान खाली घालून उभी. आता तुम्हीच सांगा, पुण्याला तिशी ओलांडलेला बिनलग्नाचा मुलगा, घरात नवी गादी, कुंकवाची अक्षत आणि लाजणारी आई. गल्लीने आणखी काय समजायचं?

रविवारी संध्याकाळी मी आत्याकडे गराडू, म्हणजे माळव्यातला थंडीतला कंद, तळायला मदत करत होतो. दारात पहिले आले ते समोरचे किराणावाले सेठ, सूट घालून. "भिया, मैं तो जान के सूट पेन के आया," ते मला म्हणाले, "घर की बात है." त्यांच्यामागून बायका महेश्वरी साड्या नेसून, हातात आहेराच्या पिशव्या घेऊन येऊ लागल्या. पुरुषांना अत्तराचे वास येत होते. खोली भरली, ओसरी भरली, पायऱ्याही भरल्या. भिंतीवर टीव्ही होता, पण तो आत्याच्या शालूखाली झाकलेला, वर मोगऱ्याची माळ. लोक अधूनमधून त्याच्याकडे बघत, पण देवाचा फोटो असेल असं समजून हात जोडत. आणि आतोबा! माणसं बघून ते इतके फुलले होते की प्रत्येकाला दारातून हाताला धरून आत आणून बसवत होते, उंच मागे, बुटके पुढे.

तेवढ्यात गल्लीतल्या सगळ्यांत वडील बाई, ज्यांना लहानथोर सगळेच जिजी म्हणत, त्या स्वयंपाकघरात आल्या. आत्याच्या हातात साडीची पिशवी ठेवून म्हणाल्या, "मुलगी कुठली गं? धारची केलीत की इंदूरची?"

आत्याच्या हातातला झारा कढईत पडला. ती तशीच बाहेर गेली आणि आतोबांना मधल्या दाराशी ओढून कुजबुजली, "अहो, हे सगळे मुलाचा साखरपुडा समजून राहिलेत! आहेर घेऊन आलेत!"

मी आतोबांना हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. त्यांनी भरलेल्या खोलीकडे एकदा नजर टाकली आणि म्हणाले, "म्हणजे टीव्हीसाठी कोणी आलं नसतं." आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. नग नापास झाला एवढंच जणू ते नोंदवत होते. मला वाटलं, आता हे काहीतरी निमित्त सांगतील, सत्यनारायणाचं वगैरे. पण खोटा शेरा मारणं त्यांच्या खात्यात बसत नव्हतं. ते सरळ खोलीच्या मध्ये गेले आणि म्हणाले, "मंडळी, मुलाचं काही नाही. मी टीव्ही घेतलाय. पूर्वी तुम्ही यायचात, आता येत नाही. मला करमत नाही. म्हणून अक्षत दिली. आहेर परत न्या, पण गराडू खाऊन जा."

सेठ आपल्या सुटाकडे बघत होते. कोणीतरी मागून हसलं आणि लगेच गप्प झालं. आत्या पदर तोंडाला लावून दारात उभी. मला तर जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

बोलल्या त्या जिजी. "अक्षत घेतली ना सगळ्यांनी?" त्यांनी खोलीला विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. "मग झालं तर. अक्षत घेतली की कार्य झाल्यावाचून उठत नाहीत. आमच्याकडे तरी नाही उठत. आणा ओवाळायला, आणि सगळ्यांना तांदूळ वाटा." आणि सत्तरी उलटलेल्या त्या बाईने स्वतः उठून शालू दूर केला, टीव्हीला ओवाळलं, आणि पडद्याला हात न लावता वरच्या पट्टीवर कुंकवाचं बोट टेकवलं. मग आत्याकडे वळून म्हणाल्या, "नाव घे. नाव घेतल्याशिवाय चालू नाही करायचा."

आत्या गेले आठ दिवस या खर्चावरून आतोबांशी नीट बोलत नव्हती. पण आता तिने पदर खोचला, नवऱ्याकडे मान ताठ करून पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ना मांडव, ना वाजंत्री, ना नवरीचा साज," पुढे आतोबांचं नाव, "ह्यांच्या टीव्हीला अक्षत पडली आज!" आणि सगळ्या खोलीने मुठीतले तांदूळ उधळले. कित्येक दिवस ते टीव्हीच्या मागून निघत होते. त्या क्षणी मला माझ्या आत्याचा आणि तिच्या त्या वेड्या नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला मला गराडूच्या धुराचं निमित्त करावं लागलं.

टीव्ही लागला. तेव्हाची चित्रं त्या रुंद पडद्यावर आडवी ताणली जायची, त्यामुळे बातम्या देणारी मुलगी चांगली दुप्पट दिसत होती. सेठ म्हणाले, "काकासाब, ये तो सब मोटे हो गए!" आतोबा तत्काळ म्हणाले, "मोठ्या घरात माणसं खाऊनपिऊन सुखी असतात." मग त्यांनी एकेकाला उठवून बाजूला नेलं, भिंतीला गाल टेकायला लावला आणि जाडी दाखवली. सुटातले सेठ, महेश्वरीतल्या बायका, सगळ्यांनी रांगेने एक डोळा मिटून टीव्ही बाजूने पाहिला. समोरून फारसा कोणी बघितलाच नाही.

त्यानंतर लोक रोज यायला लागले असं मात्र झालं नाही. अशी गोष्ट पुस्तकात होते, गल्लीत होत नाही. दोनतीन दिवाळ्यांत घरोघरी तसेच टीव्ही आले. झालं उलटंच. प्रत्येक घरी टीव्ही भिंतीवर चढवायचा झाला की बोलावणं आतोबांना येऊ लागलं. पातळी बघायची पाणसळ आणि पेन्सिल घेऊन ते जात. दुकानाचा माणूस आपला अंदाजाने भोक पाडायला निघाला की त्याला थांबवत, आणि आधी स्वतः खाली जमिनीवर मांडी घालून बसत. तिथून नजर जाईल तिथे भिंतीवर खूण. घरातले म्हणत, "काकासाब, सोफा आहे ना, जरा वर घ्या." आतोबा म्हणत, "सोफ्यावर तुम्ही दोघं. आले-गेले कुठे बसतील? खालीच ना?" यावर कोणी हुज्जत घातली नाही. ज्या दारांना कड्या लागल्या होत्या त्या सगळ्या दारांतून ते आत गेले, चहा प्याले, आणि भिंतीवर खूण करून आले.

आतोबा जाऊन आता काही वर्षं झाली. गेल्या खेपेला देवासला गेलो तेव्हा सेठांनी आग्रहाने घरात नेलं. टीव्ही आणखी नवा, आणखी मोठा, पण जागा तीच. सोफ्यावरून बघायचं तर मान खाली घालावी लागत होती. मी विचारलं, हा वर का नाही घेतला? सेठ जरा वरमले. म्हणाले, "बेटा भी यही बोलता है, भिया. पूरी गली में सबके नीचे ही लगे हैं. ऊपर करने का मन नहीं होता. लगता है, काकासाब आ गए तो कहाँ बैठेंगे?"

मी सोफ्यावरून उठलो आणि खाली फरशीवर मांडी घातली. टीव्ही अगदी डोळ्यांसमोर आला. थोड्या वेळाने गुडघ्यांवर हात टेकत सेठही माझ्या शेजारी खाली येऊन बसले.