डक्टमधला शेजार

ताई, आपली गिरगावातली खोली सोडली तेव्हा खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि आई रिकाम्या खोलीला सांगत होती, "येते हं." निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे तिने आपल्या दोघांना धपाटे घालून शिकवलं होतं. तू सासरी, तिथेच दोन गल्ल्या सोडून राहिलीस. आम्ही दोघं मीरा रोडला, पेणकरपाड्यात आलो.

बिल्डिंग नवी कोरी, पण बहुतेक फ्लॅट कुलूपबंद. चाळीत भिंतीपलीकडे कोणी खोकलं तरी आई अलीकडून ओरडायची, "पाणी पी गं!" इथे ती दिवसभर गप्प. "मला परत ने," एवढंच म्हणायची, आणि खोली तर विकलेली. माझा जीव तुटायचा.

त्यात मला कॉल सेंटरची नोकरी लागली. ट्रेनिंगच्या मॅडम म्हणायच्या, गोऱ्यांचं रोजचं इंग्रजी दोन-दोन शब्दांच्या जोड्यांवर चालतं. पाठ करू नका, जे काम कराल ते मोठ्याने बोला. झालं! उठलो की 'गेट अप', शर्ट घातला की 'पुट ऑन', पंखा लावला की 'टर्न ऑन'.

"पंख्यालाही आता मंत्र लागतो का रे?" आई विचारायची.

एका दुपारी बाथरूममधला गीझर बंद करत 'टर्न ऑफ' म्हणालो. जरा वेळाने खिडकीबाहेरच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांच्या त्या उभ्या पोकळीतून, खालून कोणीतरी म्हणालं, "टर्न ऑफ." प्रतिध्वनी इतका उशिरा येत नाही. आवाजही माझा नव्हता. बाईचा की पुरुषाचा, तेही कळेना. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "नीचेवाला तो खाली है साब, मीटर भी नहीं लगा." माझ्या अंगावर काटा आला.

आईला मात्र भीती शिवली नाही. पलीकडून कोणी बोललं की आपणही बोलायचं, एवढंच तिला ठाऊक. रोज दुपारी ती त्या खिडकीशी उभी राहून गप्पा मारू लागली. जेवलात का, आज पाणी कमी आलं, आणि मधूनमधून माझ्याकडून उचललेलं इंग्रजी. मी निघालो की विचारायची, "गॅस टर्न ऑफ केलास?" थोड्या वेळाने खालूनही तोच प्रश्न यायचा. हळूहळू त्या आवाजाला तिचा हेल आला. "मला परत ने" म्हणणं तिने सोडून दिलं. मी टरकलो होतो, पण तिचा हा एकुलता शेजार तोडणार कसा?

आता आई नाही. मी बंगळूरला. बिल्डिंग भरली, खालचा फ्लॅट तेवढा अजून बंद. ऑफिसातले सांगतात, 'मूव्ह ऑन'. हे नेमकं काय करताना म्हणायचं, ते मॅडमनी शिकवलं नव्हतं. तूही म्हणालीस, फ्लॅट विकून मोकळा हो. पटलं होतं मला.

परवा एजंटला किल्ली द्यायला आलो. घर रिकामं, सिलिंडर परत केलेला, शेगडी भंगारात गेलेली. दार ओढून घेताना सवयीने "येतो" म्हणालो.

आतून, बाथरूमच्या बाजूने, आईच्या आवाजात प्रश्न आला. "गॅस टर्न ऑफ केलास?"

पळायला हवं होतं. मी आत गेलो. कट्ट्यावर शेगडीच्या जागी हात फिरवला आणि मोठ्याने म्हणालो, "केला गं."

निघताना मागून कोणीतरी विचारतं, ते घर. किल्ली माझ्या खिशातच आहे, ताई.