डावीकडची आजी

पोरगी दिसेना. प्रार्थना संपली होती, मी मोरीत चहाचे कप विसळत होते, पदराला हात पुसत प्रार्थनेच्या हॉलमध्ये आले तर बाकीची सगळी पोरं होती, माझीच नव्हती. मागचा दरवाजा उघडा, त्याच्या बाहेर लोखंडी जिना, आणि जिन्याखाली कॅम्प चारची गल्ली. रविवार असला तरी तिथं जीन्सचे कारखाने चालूच असतात, टेम्पो लागलेले, माणसं डोक्यावर गठ्ठे घेऊन पळतायत, आणि माझी पोर सहा वर्षांची.

"कुठं गेली रे ही?" मी पोरांना विचारलं.

"ती बकरीत होती," एक मुलगी बोलली. "बकऱ्यांना बाहेर काढलं ना."

मला काही कळलंच नाही. मी अनवाणीच उतरले. चप्पल घालायचं सुचलंच नाही. या टोकाला पळाले, त्या टोकाला पळाले, जो दिसेल त्याला विचारते, पिवळा फ्रॉक, पिवळा फ्रॉक बघितला का. मला तेव्हा कुठला देव आठवला म्हणून विचाराल तर एकही नाही. टेम्पोची चाकंच दिसत होती नुसती.

सापडली. मागच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली, पॅन्टींच्या ढिगावर बसलेली. हातात स्टीलचा ग्लास, मांडीवर दोन बिस्किटं. इस्त्रीवाला यूपीचा, दाढीवाला माणूस, मला बघून बोलला, "रो मत दीदी, बच्ची ठीक है. पानी पिलाया है. बोल रही थी मेरे को आग में डालेंगे. किसने डराया इसको?"

कोणी घाबरवलं ते वर जाऊन कळलं. पास्टरने त्या दिवशी स्वतः मुलांचा वर्ग घेतला होता. धडा शेवटच्या निवाड्याचा. राजा येणार, गादीवर बसणार, सगळ्या माणसांना समोर उभं करणार, आणि मेंढपाळ करतो तशी मेंढरं उजवीकडं, शेरडं म्हणजे बकऱ्या डावीकडं. उजवीकडच्यांना राज्य, डावीकडच्यांना आग. मुलांना समजावं म्हणून पास्टरने लादीवर खडूने रेघ मारली आणि सांगितलं, ज्याला जे आवडतं तिकडं जाऊन उभं राहा. अर्थ काय तो नंतर सांगायचा, असा त्यांचा विचार.

आता माझ्या पोरीने मेंढरू कधी बघितलंय? अंबरनाथला माझ्या आईच्या चाळीत शेजारीण बकऱ्या पाळते, तिथं ही दिवसभर पिल्लांच्या मागे. ती उड्या मारत डावीकडं गेली. अजून दोघं-तिघं गेले. मग पास्टरने अर्थ सांगितला आणि डावीकडच्यांना मागच्या दरवाज्याने जिन्यावर काढून दार लावलं, नाटकातलं म्हणून. जिन्यावरची बाकीची पोरं दार वाजवून हसत होती, दार उघडल्यावर आत पळाली. माझी जिना उतरून चालायला लागली. तिला खरंच वाटलं की आपल्याला काढलं.

मी पास्टरला बोलले, "असं करतात का पोरांना?"

"सिस्टर, आज घाबरली तर उद्या वाचेल," ते बोलले. रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

मी तशी भांडणारी बाई नाही. नववीत शाळा सुटली, चार माणसांत मला बोलता येत नाही. पण तेव्हा तोंडातून निघालंच. "त्या धड्यात तहानेल्याला पाणी दिलं ते उजवीकडं, असंच आहे ना? मग तो खालचा इस्त्रीवाला कुठल्या बाजूला? त्याने माझ्या पोरीला पाणी पाजलं."

पास्टर हसले. "पाण्याने कोणी वाचत नाही, सिस्टर. विश्वासाने वाचतो. प्रभू तिथं बोलतात, माझ्या लहान भावांसाठी केलं ते माझ्यासाठीच केलं. भाऊ म्हणजे कोण? विश्वासणारे. आपण. आपल्याशी जग कसं वागलं त्याचा तो हिशोब आहे."

"पण पोरगी आपलीच ना? आपलीला पाणी दिलं ना त्याने?"

"बस कर आता," माझी सासू बोलली. "पास्टरला शिकवणार का तू?"

सासू आधीपासून अशी नव्हती. आम्ही बदलापूरला बेलवलीत राहतो. सासऱ्यांना लकवा मारला तेव्हा शेजारपाजारचं कोणी फिरकलं नाही, या हॉलची माणसं आली. उचलून बाथरूमला न्यायची, डबा आणायची. सासरे गेले पण सासू तिथलीच झाली, मग नवरा, मग मी. मी जाते कारण सगळे जातात. माझं माहेर बौद्ध, माझ्या आईच्या घरात बुद्धाचा फोटो आहे, रोज सकाळी ती त्याच्यापुढं मेणबत्ती लावते. लग्नात कोणालाच काही वाटलं नव्हतं. तेव्हा कुठं कोण डावं-उजवं होतं.

त्या रविवारी घरी आल्यावर पोरीने सासूला विचारलं, "दादी, मी डावीकडं गेले तर आता आगीत जाणार का?"

"नाही गं बाळा. तू आपली आहेस. तू मेंढरू."

"आणि आजी?"

आजी म्हणजे माझी आई. मी भाकरी थापत होते. मला वाटलं, बोलेल काहीतरी, बाईमाणूस आहे, लहान पोरीला बोलेल काहीतरी गोड.

सासू बोलली, "तुझी आजी प्रार्थनेला येत नाही ना. येईपर्यंत डावीकडचीच. तूच बोलव तिला."

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो बोलला, "आईचं मनावर घेऊ नको. आणि मला मध्ये घेऊ नका." मध्ये नाही घ्यायचं तर बाबा, आमच्यात बसून जेवतोस कशाला.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याच्या मावशीला फोन केला. ती लग्नाने जुन्या चर्चची, तिच्या सासरच्या चार पिढ्या झाल्या, वाचलेली बाई. ती लगेच बोलली, "साफ चुकीचं सांगतात. नीट वाच तो भाग. उजवीकडचे लोकच विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी जेवायला घातलं? म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं की तो प्रभू होता. त्यांना कोणी विचारलं नाही तू कुठल्या चर्चचा म्हणून. लहान भाऊ म्हणजे कुठलाही गरीब, कुठलाही आजारी. तुझी आई आयुष्यभर लोकांची बाळंतपणं काढत आली, ती डावीकडं जाईल?"

मी फोनवर रडले. इतकं हलकं वाटलं. मी बोलले, "मावशी, एवढंच येऊन सांगा ना आमच्या सासूबाईंना. तुमचं ऐकतील."

"मी कशाला बाई तुमच्या घरात बोलू," मावशी बोलली. "उगाच बहिणी-बहिणींत वाईटपणा."

झालं. एकाचा अर्थ खोटा पण तो माझ्या घरात येऊन बसलाय. एकीचा अर्थ खरा पण ती बदलापूरपर्यंत यायला तयार नाही. आजाऱ्याला भेटायला जा, हे पण त्याच धड्यात लिहिलंय म्हणतात.

मी कॅम्प चारलाच धागा कटिंगला जाते, तयार पॅन्टींचे लोंबणारे धागे कापायचं काम. शाळा सुटली की पोरगी अंबरनाथला आईकडं, संध्याकाळी मी तिला घेऊन घरी. बुधवारी मी आणायला गेले तर आई उंबऱ्यात बसलेली आणि पोरगी बाहेर, नळाजवळ. ओठ पांढरे पडलेले.

"दुपारपासून पाणी पीत नाही," आई बोलली. "जेवली पण नाही. विचार तिला का ते. मला बोलली ते परत तुझ्या तोंडावर बोलायला सांग."

पोरगी माझ्या मागे लपली. हळूच बोलली, "ती डावीकडची आहे ना. तिच्या हातचं घेतलं तर मी पण जाईन."

हे तिला कोणीच शिकवलं नव्हतं, हातचं घ्यायचं नाही असं. पास्टरने नाही, सासूने पण नाही. तिने स्वतःच जोडलं ते.

आईने काही आरडाओरडा केला नाही. ती बोलली, "गावाला आम्ही विहिरीपासून लांब उभे राहायचो. कोणाला दया आली की वरून ओतायचे. माझा बाप बुद्धाकडं गेला तो याच्यासाठी, की परत कोणी आपल्याला बाजूला उभं करू नये. आणि आता माझ्या नातीला माझं पाणी चालत नाही."

पोरीला सांगितलं, आजीचं पाणी चांगलं असतं, पी. ती नाही प्यायली. दुसऱ्या दिवशी पण नाही. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला, आणि मी घाबरले. घरी कोण ठेवणार तिला, सासूचे गुडघे गेलेत. काम सोडलं तर भाडं कुठून, आणि दिवसभर पाण्यावाचून पोर अशी किती दिवस काढेल. तापात पण ती तेच बडबडत होती, आजीला आग लागेल. मी तिच्या कपाळावर पट्टी ठेवली आणि बोलले, "अगं आजी आली प्रार्थनेला. काल आली होती, तू झोपलेली. आता ती उजवीकडची."

पोरगी उठून बसली. हसली. पाणी मागितलं.

एवढंच केलं मी. पण पोरगी ते पोटात कशी ठेवणार, तिने दादीला सांगितलं. सासूला आनंद झाला, तिने पास्टरला फोन लावला, त्यांना बोलली, आणखी एक आत्मा वाचला. मी तिला अडवलं नाही.

आज शनिवार. पोरीला घेऊन अंबरनाथला आले. ती धावत गेली आईकडं, मिठी मारली, ग्लासभर पाणी तिच्याच हातून गटागटा प्यायली, आणि बोलली, "आजी, उद्या तुला हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभं करणार. तू आता आपल्यातली ना."

आईने माझ्याकडं बघितलं. तिचा हात पोरीच्या पाठीवरच होता.

"तू सांगितलंस हे हिला?"

मी मान हलवली.

"मग आता खरं सांग. माझ्यासमोर सांग. माझी नात माझं पाणी पिणार असेल तर मी जी आहे तिचं पिऊ दे. नाहीतर नको."

पोरगी आमच्या दोघींकडं बघतेय, रिकामा ग्लास छातीशी धरून. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आई मला खोटी म्हणतेय ते बरोबर आहे. पण खरं सांगितलं की पोरगी परत नळाजवळ जाऊन बसेल, ताप उतरून एकच दिवस झालाय. तिला सांगू का की दादी खोटं बोलते, पास्टर खोटं बोलतो? मग आज रात्री मी बेलवलीच्या घरात कुठल्या तोंडाने जाऊ? आणि नाही सांगितलं तर उद्या माझी आई माझ्यासाठी त्या रेघेपुढं जाऊन उभी राहणार नाही, हे मला माहीत आहे, आणि त्यानंतर तिचं दार मला उघडं राहील की नाही ते माहीत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर पोरीला काय सांगितलं असतं?