स्क्रूचे तोंड वर

बॉनेट उघडले की नाना आधी डोळे मिटत आणि उजव्या हाताची मागची बाजू इंजिनला लावत. आई तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावते, अगदी तशी. गिऱ्हाईक मध्येच तक्रार सांगू लागले, तर डावा हात वर करून त्याला थांबवीत. मग डोळे उघडून म्हणत, “आते बोला. पह्यले हात, मंग बात.”

एकदा मी विचारले, “नाना, उलटाच हात का?”

त्यांनी काळे पडलेले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. “ह्या मरी गयात सायेब. मांगली बाजू अजून जित्ती शे.”

असा एखादा मिस्तरी तुमच्याही गावात असेल, तुम्ही त्याला पाहिलेही असेल. नसेल, तर तुम्हांला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल. आणि माझ्या शब्दावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

जळगावात धुळ्याच्या रस्त्याला एका लिंबाखाली नानांची पत्र्याची शेड होती. मूळचे ते अमळनेरकडचे. तीस वर्षे जळगावात काढूनही बोली तीळभर बदलली नाही. मी अपघातग्रस्त वाहनांचा विमा सर्व्हेअर. ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यात काय लिहायचे, ते ठरवणे हे माझे काम. त्या निमित्ताने मी पुष्कळ गॅरेजे पाहिली. पण रबरी नळीवर क्लिप बसवायला एवढा वेळ घेणारा माणूस दुसरा पाहिला नाही. क्लिपच्या स्क्रूचे तोंड वर, पेचकस सरळ जाईल असेच हवे. कितीही अडचणीची जागा असो, नाना क्लिप फिरवून फिरवून ते तोंड वर आणीत.

“तुम्हालाच तर परत उघडायची असते,” मी म्हणालो.

“मीच कशावरथीन? मना मांगे जो मिस्तरी ई, त्याना हात भाजाले नको.”

जो मिस्तरी अजून आलेलाच नाही, त्याच्या हातांची ही काळजी.

पन्नाशी ओलांडल्यावर मी एक जुनी, वेगवान गाडी विकत घेतली. “गुडघ्यांना तेल लावायचं वय झालं, आणि गाडीला पंख लावताय,” असे पत्नी म्हणाली. तिचे निरीक्षण अचूक होते. मोबाइलवर मी पहाटेपासून गाड्यांचे व्हिडिओ पाहू लागलो आणि त्यांतून मला एक नवे ज्ञान झाले. इंजिन ज्या तोंडाने हवा घेते, त्या थ्रॉटल बॉडीतून गरम कूलंटच्या, म्हणजे इंजिन निववणाऱ्या पाण्याच्या, नळ्या फिरवलेल्या असतात. थंड मुलखात त्या तोंडाशी बर्फ धरू नये, म्हणून ही सोय. आपल्याकडे ती निरुपयोगी. तेव्हा ते गरम पाणी बाहेरच्या बाहेर वळवावे, म्हणजे हवा थंड राहते आणि गाडीला जोर येतो. मी हे सगळे नानांना गंभीरपणे समजावून सांगितले.

“बरफ?” नानांनी वर तळपणाऱ्या पत्र्याकडे पाहिले. “आठे? सायेब, जळगावमा बरफ फक्त रसवंतीवर मिळस.”

“म्हणूनच तर काढायचं, नाना.”

त्यांनी काढले. दोन्ही नळ्या थ्रॉटल बॉडीवरून सोडवून काळ्या नळीच्या एका तुकड्याने परस्पर जोडल्या. दोन क्लिपा, दोन्ही स्क्रूंची तोंडे वर. मग कूलंट भरून शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत तासभर इंजिनपाशी उभे राहिले. आत हवा राहिली तर इंजिन भाजते, असे ते म्हणाले. आम्ही गिरणेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. नानांनी डोळे मिटून थ्रॉटल बॉडीला उलटा हात लावला.

“थंड आहे ना?” मी अधीरपणे विचारले.

“शेजारीच भट्टी शे, तं भिंत थंडी कशी ऱ्हाई? ते थंड नही व्हत.” मग मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, “तुमनं मन थंड व्हस. पन नुकसान बी नही.”

येथवर सारे ठीक होते. पण आमची रविवारची एक मंडळी होती. आम्ही पाच जण, आपापल्या गाड्या घेऊन सकाळी धुळ्याच्या रस्त्याने निघायचे, वाटेत शेवभाजी खायची, बॉनेट उघडून एकमेकांच्या इंजिनांचे कौतुक करायचे, आणि परत यायचे. साऱ्यांच्या गाड्या माझ्याच शिफारशीवरून नानांकडे जात. नानांची ती काळी नळी मात्र अगदीच गरीब दिसत होती. मी चकचकीत निळी सिलिकॉनची नळी मागवली आणि एका शनिवारी दुपारी घरच्या अंगणात स्वतःच बसवली. भिंतीत खिळाही सरळ न ठोकता येणारा माणूस मी! नळीबरोबर आलेल्या क्लिपांपैकी एकीचा स्क्रू खालच्या बाजूला गेला, तिथे पेचकस नीट पोहोचेना. जेवढा आवळला तेवढा पुरे, असे मी ठरवले. बुडबुड्यांची तर आठवणही झाली नाही. नानांनाही काही सांगितले नाही.

रविवारी निळ्या नळीचे कौतुक झाले. मी नम्रपणे गप्प राहिलो. पाळधीच्या पुढे गेलो आणि तापमानाचा काटा वर चढला, बॉनेटखालून वाफ उसळली. नळी निसटली होती आणि कूलंट रस्त्यावर सांडत होते.

मंडळीतले फैजपूरचे माझे मित्र, केळीचे व्यापारी, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे गृहस्थ, जीपमधून उतरत म्हणाले, “काम कोणी केलं हे?”

“नानांनी,” मी म्हणालो.

एकच शब्द. आणि तो पूर्ण खोटाही नव्हता. मूळ काम नानांचेच होते. दुसऱ्याच्या दाव्यातले असले अर्धे सत्य मी चष्मा न लावता पकडतो.

फोन केल्यावर नाना मोपेडवर आले. रविवारचा धुतलेला सदरा, पायाशी पाण्याचा कॅन. त्यांनी डोळे मिटून इंजिन निवण्याची वाट पाहिली, आणि मग त्यांचे बोट निळ्या नळीवरून सरकत क्लिपपाशी गेले. वर स्क्रू सापडेना. बोट खाली गेले, तिथे थांबले. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. एकदाच.

“काय नाना,” केळीवाले मित्र म्हणाले, “हात थकला की काय आता? क्लिप आवळायचीच राहिली!”

सारे हसले. मी महामार्गावरून जाणारे ट्रक पाहत होतो.

“व्हय भाऊ,” नाना शांतपणे म्हणाले, “राही गयी व्हई.” आणि वाकून त्यांनी नळी जागेवर चढवली, क्लिप फिरवली, स्क्रूचे तोंड वर आणले, आवळले.

त्यानंतर एकेक करून मंडळींच्या गाड्या मोठ्या वर्कशॉपकडे वळल्या. “नानांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही,” हे वाक्य मी चहाच्या टपरीवर परक्या माणसाच्या तोंडून ऐकले, तेव्हा मला पहिल्यांदा नीट लाज वाटली. ज्याचे सारे नाव त्याच्या हातात होते, त्याचा हातच मी काढून घेतला होता. दुरुस्त करायला एक वाक्य पुरेसे होते. ते मी दोन वर्षे रोज उद्यावर ढकलले. तेवढ्यात नानांनी शेड बंद केली आणि ते धुळ्याला लेकीकडे राहायला गेले.

पुढे एका सर्व्हेसाठी धुळ्याला गेलो असता मी त्यांचे घर शोधले. नाना ओट्यावर शेजारणीचा मिक्सर उघडून बसले होते. मी पाणीही न पिता सारे सांगून टाकले.

“माले तं तठेच समजनं,” मिक्सरवरून नजर न उचलता ते म्हणाले. “स्क्रूनं तोंड खाले व्हतं. मी मरापावत तसा लावाव नही.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“सारी माणसं तुमनी व्हती. मी बोलतू, तं तुम्ही त्यास्मा खोटा पडतात.”

माझे डोळे भरून आले. आणि खरे सांगायचे तर, मला फार हलकेही वाटले. क्षमा इतकी सोपी मिळाली होती. ते हलकेपण बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे, कारण नानांनी पेचकस खाली ठेवला.

“पन सायेब, नळी आठे नही निसटनी. जठे निसटनी, क्लिप तठेच लावनी पडस.”

पुढच्या रविवारी पाळधीच्या टपरीवर मी चौघांना सांगितले. चहा निवला. केळीवाले मित्र मान खाली घालून कपाची कड बोटाने पुसत राहिले. त्यांचा मोठा आवाज मला तेव्हा हवासा वाटला. अखेर हळूच म्हणाले, “मी चारचौघांत त्या माणसाला हसलो, भाऊ. तुम्ही माझ्या शेजारी उभे होता.” मग त्यांनी किल्ली उचलली. “चला.”

“कुठे?”

“धुळ्याला. अजून कुठे?”

नानांच्या त्या अरुंद गल्लीत पाच गाड्या एकामागे एक लागल्या, पाच बॉनेटे उघडली. शेजारणींना वाटले, मुलगी पाहायला पाहुणे आले. नाना टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. केळीवाले मित्र हात जोडून पुढे झाले, “नाना, त्या दिवशी मी...”

नानांनी डावा हात वर केला. “पह्यले हात, मंग बात.”

आणि डोळे मिटून त्यांनी उजव्या हाताची मागची बाजू जीपच्या इंजिनला लावली. मोठा डॉक्टर वॉर्डातून फिरतो, तसे ते पाचही गाड्यांवरून फिरले. परत येऊन केळीवाल्या मित्रांना म्हणाले, “पंखाना पट्टा बदला भाऊ. तुटाले व्हयेल शे. आते बोला, काय म्हनत व्हतात?”

मित्रांनी नानांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. या उन्हाळ्यात माझी गाडी मी त्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. मेकॅनिक बॉनेटखाली वाकला, पेचकस लावला आणि थबकला.

“हे काम कोणी केलंय, साहेब? स्क्रू बरोबर हाताशी आला.”

“नानांनी,” मी म्हणालो.

“कोण नाना?”

मी बाजूचे स्टूल ओढून घेतले आणि सांगू लागलो. सुरुवात केली ती निळ्या नळीपासून.