घरात देशी आहे

समोरच्या काकूंवर माझा संशय होता, आणि आजही आहे.

आम्ही तेव्हा अंधेरी पूर्वेला राहायचो. संपात बाबांची गिरणी बंद पडली आणि त्यांचं तोंडही बंद पडलं. सकाळी चहा घेऊन आरे कॉलनीत चालत जायचे, दुपारी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. हाक मारली तर नुसतं 'हूं'. साकीनाक्याच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला होते, माझ्या पगारावर घर चालायचं, पण संध्याकाळी घरात पाय टाकला की जीव गुदमरायचा. एक दिवस बाबा आरेतल्या ओढ्यातून तुपाच्या रिकाम्या डब्यात एक जिवंत मरळ मासळी घेऊन आले. वीतभर, काळपट, अंगावर पट्टे. मला वाटलं, आता हिचं कालवण. तर बाबांनी माझ्याकडे काचेची पेटी मागितली! किती महिन्यांनी काहीतरी मागितलं होतं. मी कारखान्याशेजारच्या काचवाल्याकडून करून आणली. त्या दिवसापासून बाबा बोलायला लागले. मरळीशी, माझ्याशी नाही. पण बोलत होते ना!

तिला काय खायला घालायचं ते विचारायला मी शोभेच्या माशांच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "देशी ठेवलीय? ताई, विदेशी ठेवा, गोल्डफिश न्या. देशीला कायद्याची भानगड असते. आरे सरकारी, ओढा सरकारी, मग मासा कुणाचा?"

माझं डोकंच फिरलं. बाजारात हीच मरळ कापून विकतात, तिथे कुणी कायदा काढत नाही. खाल्ली तर चालते, पाळली की गुन्हा? वा रे न्याय! चिडले खरी, पण भीती बसली ती बसलीच. मरळ गेली की बाबा परत भिंतीकडे तोंड करणार. दूधवाला दारात जरा रेंगाळला तरी मी पेटीवर चादर टाकायची. इमारतीचे सेक्रेटरी गळती बघायला आले, त्यांना मी आतल्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. हा माणूस एरवी तक्रार करून थकलं तरी येत नाही, आजच बरा आला, म्हटलं.

शेवटी ठरवलं, सरळ मत्स्य खात्यातच विचारून टाकू. मजल्यावर फोन एकच, काकूंकडे. "घरात देशी आहे," मी आवाज दाबून म्हणाले, "एकच आहे हो. परवाना लागतो का?" पलीकडचे गृहस्थ म्हणाले, घरात ठेवल्याबद्दल कुणी विचारणार नाही, पण आणली कुठून ते महत्त्वाचं. राखीव तलावातली किंवा जंगलातली निघाली तर प्रकरण अंगाशी येईल. "तुम्ही कुठून आणलीत?" मी फोन ठेवून दिला. काकू मेथी निवडत होत्या. मान खाली, पण पानं ताटाबाहेर पडत होती, एवढे कान माझ्याकडे.

त्याच आठवड्यात दारात हवालदार.

"घरात देशी आहे म्हणे?"

"आहे. पण एकच आहे, साहेब."

"केवढी?"

मी हाताने वीतभर दाखवली.

"क्वार्टर. आणि रोजची कोणाची? म्हाताऱ्याची?"

"हो, रोज तेच बघतात. पाणी घालतात."

"पाणी घालून," हवालदाराने जाणकारासारखी मान हलवली. "दारूचा परवाना आहे का?"

"दारूचा?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि असा संताप आला म्हणून सांगू! बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण गिरणी बंद पडलेला माणूस म्हणजे दारुडाच, हे सगळ्या मजल्याने आधीच ठरवून टाकलेलं. "देशी म्हणजे मासा, साहेब! मासा! कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्याच इमारतीतून कळलं," म्हणत हवालदार हसायला लागला. समोरचं दार फटीएवढं उघडं होतं, ते हळूच लागलं. "दाखवा बघू मासा."

मी त्याला आत नेलं. पेटीत मासा नव्हता. नुसतं पाणी हलत होतं, आणि बाबा मोरीजवळ पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर दोन्ही हात दाबून उभे होते.

"आजोबा, मासा कुठाय?"

"खाल्लंय," बाबा त्याच्या डोळ्यांत बघून आपल्या मालवणीत म्हणाले.

"खाल्लात? मग प्रश्नच मिटला. खायला कसली बंदी!" हवालदार हसतच जिना उतरला.

झाकणाखाली धप्पकन आवाज झाला. बाबा हलले नाहीत. मी म्हटलं, "सोडा बाबा, तो दारू शोधायला आला होता. मरळीला कोणी नेत नव्हतं."

बाबांनी तरीही हात काढले नाहीत.

"गिरणी गेली तेव्हा मी गप रवलंय," ते म्हणाले. मरळीला नाही, मला. "आता रवूचंय नाय."