आप्पांच्या चपला

आता कसं सांगू तुम्हाला, सुरुवातीलाच घोळ आहे! त्या दिवशी मी काळ्या चपला घालून निघालो होतो, असं मला आठवतं. आमची सुमन शपथेवर सांगते, तपकिरी. जन्मभर कॉलेजात कलेचा इतिहास शिकवला, पण बायकोपुढे माझी स्मरणशक्ती कायम नापास!

तर झालं काय, माझी जुनी विद्यार्थिनी प्राजक्ता हिने बँकेतली नोकरी सोडून वसईतल्या आपल्या वाडीत, घराच्या पडवीत, पहिलं प्रदर्शन मांडलं. वडील, हरेश्वरभाऊ, भडकलेले. मला तिचा फोन आला, "सर, आधुनिक आणि उत्तर-आधुनिक कलेतला फरक बाबांना पटेल असा सांगाल? नाहीतर माझं काही खरं नाही."

मी रात्रभर टिपणं काढली. एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या घरून निघायलाच उशीर झाला, मग धावपळ! पोचलो तर पायरीवर चपलांची रांग. मीही काढल्या. आत बघतो तर सगळे चपला घालूनच बसलेले! म्हटलं, काय ही आजकालची माणसं.

पडवीत नारळांची रास होती. कलाकृती काही दिसेना. पण विचारणार कसं? मी तर तज्ज्ञ!

"आधुनिक चित्रकार म्हणायचा, माझं काम पूर्ण आहे, लांबून बघा," मी घाम पुसत बोललो. "उत्तर-आधुनिक म्हणतो, या, हात लावा, पुढचं तुम्ही करा!"

भाऊ उठले. "सर, साधं सांगा. पोरीने केलंय ती कला आहे का? नसेल तर उद्या पडवी मोकळी, आणि ही परत बँकेत."

मी पुन्हा टिपणांत डोकं घातलं आणि उरलेलं वाचून टाकलं. टाळ्या पडल्या, भाऊंच्या सोडून. पोरीचं नुकसान केलं या विचाराने मी मान खाली घालून सटकलो. पायरीवर न बघताच चपलांत पाय सरकवले आणि रिक्षाकडे धावलो.

"सर! ओ सर! थांबा!" मागे भाऊ, त्यांच्यामागे प्राजक्ता, तिच्यामागे सगळे प्रेक्षक.

"काय झालं?"

"अहो, माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या चपला घातल्यात तुम्ही!" भाऊ धापा टाकत म्हणाले.

"माफ करा! आप्पांना म्हणावं..."

"आप्पा गेले की हो!"

पायरीवरची ती रांग, घरातल्या गेलेल्या माणसांच्या चपलांची, हीच कलाकृती होती! आणि मी ती पायांत घालून निघालेला. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला.

भाऊ माझ्या पायांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आप्पा असेच निघायचे. फटाफट. गेल्यापासून ह्या कोणी घातल्या नव्हत्या. काढू नका सर, घालूनच जा. तुमच्या राहू देत तिथे." मग मुलीकडे वळले. "ह्यांचं भाषण काही कळलं नाही गं. पण हे कळलं. पडवी तुझी."

प्राजक्ता रडत होती आणि हसतही होती. ज्या दोघांनी मला ओरडायचं, त्यांनी मला घरी पोचवायला गाडी काढली. त्या बापलेकीचे उपकार मी अजून विसरलो नाही.

पुढे काही वर्षांनी तीच रांग मुंबईत एका मोठ्या दालनात मांडली गेली. सुमनला घेऊन गेलो. म्हटलं, चपलांचा निकाल लावूनच टाकू.

रांगेच्या शेवटी माझा जोड होता, काचेखाली. सुमन वाकली, मी वाकलो.

एक काळी होती, एक तपकिरी.